गिटारीची मगजी

मध्यमवर्गीय घरांत वाद्य म्हटलें कीं एके काळीं पेटी, तबला आणि फार तर एखादी सतार, एवढींच डोळ्यांपुढें येत. आतां तरुण मंडळींच्या खोलींत भिंतीला टेकून उभी असलेली गिटारही सर्वांच्या ओळखीची झाली आहे. घरांतील वडीलधारीं माणसें ती हातीं घेऊन न्याहाळूं लागलीं म्हणजे त्यांची दृष्टि बहुधा दोन ठिकाणीं ठरते : एक, मधल्या वाटोळ्या छिद्राभोंवतालची नक्षी, आणि दुसरी, फळीच्या अगदीं कडेनें सर्व अंगाभोंवतीं फिरलेली पांढरी किंवा काळसर रेघ. अगदीं स्वस्त गिटारीला ही रेघ कित्येकदां नसते, किंवा नुसती रंगानें काढलेली असते. चांगल्या गिटारीला ती बहुधा असते, आणि ती निराळी पट्टी बसवून केलेली असते. मग साहजिकच विचारणा होते, "ह्या एका रेघेसाठीं एवढे जास्त पैसे कां मोजावयाचे?" आणि विचारणाराच उत्तरही देऊन टाकतो, "शोभेसाठीं, दुसरें काय!"

वस्तूंच्या अंतरंगांत डोकावून पाहावयाचें, हा ह्या सदराचा नित्याचा उद्योग. तेव्हां ह्या महिन्यांत त्या रेघेलाच हात घालावा असें योजिलें आहे. त्यास आणखीही एक कारण आहे. शिकलेल्या घरांतील एखादा मुलगा अथवा मुलगी "मला वाद्यें बनवावयास शिकावयाचें आहे" असें म्हणूं लागली, कीं घरांत जी शांतता पसरते ती आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाची असेल. "पदवी घेऊन शेवटीं रंधाच धरावयाचा काय?" हा प्रश्न मोठ्यानें कोणी विचारीत नाहीं, पण तो सर्वांच्या मुद्रेवर दिसतो. त्या कामांत शिकण्यासारखें असतें तरी काय, हें न पाहतां दिलेला निकाल न्याय्य होणार नाहीं. सगळें काम एका लेखांत मावणारें नव्हे. परंतु त्यांतील एकच कृति, म्हणजे ही पट्टी बसविण्यासाठीं गिटारीच्या कडेला खांच पाडणें, नीट पाहिली तर बाकीच्याची कल्पना येण्यास अडचण पडूं नये.

लुगड्याचा कांठ निव्वळ शोभेचा, असें कोणी म्हटलें तर आमच्या वाचकभगिनी हंसतील. कांठ सुंदर असतो हें खरें. परंतु जमिनीला घांसणारा आणि ओढाताण सोसणारा भागही तोच, आणि म्हणून तो अंगापेक्षां दाट विणलेला असतो. दुलईची मगजी तशीच. दुलईचे थर जेथें उघडे पडतात तेथें मगजी नसली, तर थोड्याच दिवसांत कापूस बाहेर डोकावूं लागतो. मगजीचा रंग कोणता असावा ह्यावर घरांत चर्चा होते, परंतु मगजी असावी कीं नसावी ह्यावर होत नाहीं. गिटारीची ही रेघ म्हणजे लांकडाला घातलेली मगजीच होय. आणि लांकडाला मगजीची गरज कां पडावी, हें समजण्यास त्या पेटीची बांधणी थोडीशी माहीत असावयास पाहिजे.

गिटारीचें अंग म्हणजे एक पोकळ पेटी. वरची फळी, जिला सतारीच्या भाषेंत तबली म्हणतां येईल, ती स्प्रूस नांवाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या हलक्या व मऊ लांकडाची असते. तिची जाडी सुमारें ३ मिलिमीटर. पाठ आणि बाजू पुष्कळदां शिसवीसारख्या कठीण लांकडाच्या. आणि बाजूंची जाडी तर २ मिलिमीटरांच्याच आसपास. ह्या बाजू तापलेल्या नळीवर किंवा सांच्यावर वांकवून त्यांना ती ओळखीची कमरेची आकृति देतात. पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून ताण सुमारें ७० किलोग्रॅम, म्हणजे एका धडधाकट पुरुषाच्या वजनाइतका असतो. आणि वाद्य वाजत असो वा नसो, तो रात्रंदिवस चालूच असतो. एवढ्या पातळ फळ्यांनीं एवढा भार वाहावयाचा, तो तबलीला आंतून चिकटविलेल्या आधारपट्ट्यांच्या आणि कडेच्या सांध्याच्या जोरावर.

आतां हा सांधा कसा जुळतो तें पाहूं. २ मिलिमीटर रुंदीच्या कडेवर फळी ठेवून सरस लावला, तर चिकटावयास जागा कितीशी मिळणार? म्हणून बाजूंच्या आंतून, वरच्या व खालच्या कडेशीं, सुमारें ६ मिलिमीटर जाडीची आणखी एक लांकडी पट्टी चिकटवितात. ती वांकावी म्हणून तिला जवळजवळ करवतीचे काप दिलेले असतात. वाटोळ्या छिद्रांतून लहान आरसा आणि दिवा धरून पाहिलें तर ही पट्टी दातेरी माळेसारखी दिसते. मगजी म्हटली, तर हिला अस्तर म्हणण्यास हरकत नाहीं. तबली खऱ्या अर्थानें टेकलेली असते ती बाजूवर आणि ह्या अस्तरावर मिळून.

कडेलाच धोका कां, ह्याचें उत्तर लांकडाच्या स्वभावांत आहे. लांकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची एक घट्ट जुडी. झाड उभें असतां पाणी वर चढतें तें ह्याच नळ्यांतून. तबलीचे तंतु गिटारीच्या लांबीच्या दिशेनें जातात. म्हणून तिच्या कडेला, विशेषतः वरच्या आणि खालच्या टोकांशीं, ह्या नळ्यांचीं कापलेलीं तोंडें उघडीं पडतात. फळीच्या सपाट पृष्ठभागापेक्षां ह्या तोंडांवाटे लांकूड कितीतरी त्वरेनें ओलावा पितें आणि तितक्याच त्वरेनें सोडतें. ओलावा प्यालें कीं तें तंतूंच्या आडव्या दिशेनें फुगतें, सुकलें कीं आकसतें. लांबींत मात्र जवळजवळ फरक पडत नाहीं. पावसाळ्यांत मुंबईच्या हवेंतील सापेक्ष आर्द्रता शेंकडा ८० च्या वर जाते, आणि वैशाखांत वऱ्हाडांतील हवा ओठ फुटावे इतकी कोरडी होते. चांगले कारागीर शेंकडा ४५ ते ५० आर्द्रता राखलेल्या खोलींत पेटी जोडतात. पण तेथून बाहेर पडलेल्या वाद्याला पुढें कोणती हवा मिळेल, हें त्यांच्या हातीं नसतें. तेव्हां उघडीं तोंडें झांकून टाकणें, हाच एक उपाय उरतो. त्याशिवाय मऊ लांकडाचा काटकोनी कोपरा टेबलाला, दाराला, पलंगाला लागून दबला जातो तो निराळाच; आणि कडेला पडलेली बारीकशी चीर तंतूंच्या वाटेनें आंत धांवत जाते. तेथें कठीण पट्टी असली, तर धक्का ती सोसते. फारच खराब झाली, तर तबलीला हात न लावतां तेवढी पट्टी बदलतां येते.

येथवर सर्व सरळ आहे. खरा पेंच पुढें आहे. पट्टी बसवावयाची तर तिच्यासाठीं जागा हवी. आणि जागा करावयाची तर नुकताच जुळविलेला सांधाच कापावयास हवा! तबली चिकटली, पाठ चिकटली, पेटी बंद झाली, बोटानें टिचकी मारली कीं ती गुंजूं लागली. आठवड्यांमागून आठवडे खपून केलेलें काम आतां कोठें वाद्यासारखें दिसूं लागलें, आणि नेमक्या त्याच वेळीं त्याच्या कडेला पोलादाचें पातें लावावयाचें. गिटार बनविणाऱ्यांत ह्या कामाची धास्ती सर्वांत जास्त असते ती ह्यामुळेंच.

दाराच्या चौकटीला, फळी नीट बसावी म्हणून, सुतार जो पायरीसारखा कंगोरा पाडतो त्यास तो पताम म्हणतो. गिटारीची खांच म्हणजे तसलाच एक चिमुकला पताम. ती बाजूकडून आंत सुमारें २ मिलिमीटर आणि उंचींत सुमारें ६ मिलिमीटर असते. वाचकांनीं हे आंकडे मघांच्या आंकड्यांशीं ताडून पाहावे. बाजूची जाडीच मुळीं २ मिलिमीटर. म्हणजे खांच पडली कीं तेवढ्या उंचीपुरती बाजू संपूर्ण नाहींशी झाली! आतां तबली उभी आहे ती केवळ आंतल्या अस्तरावर. त्यांतच पट्टीच्या आंतल्या अंगाला काळ्यापांढऱ्या बारीक रेघा बसवावयाच्या असल्या, तर तबलीच्या जाडींत आणखी एक उथळ पायरी कापावी लागते. अस्तर कोठें पातळ राहिलें असेल किंवा सरसाविना सुटलें असेल, तर पातें आरपार जातें आणि बंद पेटीच्या आंत उजेड दिसूं लागतो. अस्तर बसविण्याच्या दिवशीं केलेली कुचराई त्या दिवशीं कोणाच्याच नजरेस येत नाहीं; खांच पाडण्याच्या दिवशीं ती उघडी पडते. मगजी मिरवते खरी, परंतु ती मिरविण्याइतकी जागा करून देणारें अस्तर कोणाला दिसत नाहीं.

ही खांच पाडण्याच्या दोन रीति आहेत. जुनी रीति हातांची. स्पेन देशांतील कारागीर त्यासाठीं ग्रामील नांवाचें साधन वापरीत आले आहेत. कडेपासून ठराविक अंतरावर रेघ ओढण्यासाठीं सुतार जें साधन वापरतो, त्याचाच हा भाऊबंद. मात्र ह्यांत रेघ ओढणाऱ्या टोंचणीऐवजीं धारदार पातें असतें. साधनाचा एक ओठ बाजूला टेकवून तें कडेकडेनें फिरवीत न्यावयाचें, म्हणजे तबलीच्या तंतूंवर एकसारखी चीर उमटते. मग बाजूवरून तसलीच दुसरी चीर पाडावयाची, आणि दोन चिरांच्या मधलें लांकूड पटाशीनें थोडें थोडें सोलून काढावयाचें. चीर एका दमांत खोल पाडावयाची नाहीं, पुनःपुन्हा हलक्या हातानें फिरवावयाची, कारण मऊ लांकडांतील कठीण रेषा पात्याला आपल्या बाजूला ओढून नेतात. हें काम सावकाशीचें आहे; आणि सावकाश असल्यामुळें चूक होऊं लागतांच हात थांबवितां येतो.

दुसरी रीति यंत्राची. राउटर नांवाच्या विजेच्या हत्यारांत बसविलेलें लहानसें पातें मिनिटाला २०,००० च्या वर फेरे घेतें. पात्याच्या खालीं एक गुळगुळीत फिरती कडी असते. ती गिटारीच्या बाजूला टेकली म्हणजे पातें ठरल्यापेक्षां आंत जाऊं शकत नाहीं. दोन तासांचें काम दहा मिनिटांत होतें. परंतु चूकही तितक्याच त्वरेनें होते. डोळ्याची पापणी लवण्याच्या आंत हातभर लांबीची ढलपी तबलीवरून उडून जाते. म्हणून यंत्र वापरणारास जें ज्ञान लागतें तें हातानें काम करणारापेक्षां कमी नसून, तें त्यास आधींच संपादन करून ठेवावें लागतें, एवढाच काय तो फरक.

ढलपी कां उडते? मांजराच्या अंगावरून हात फिरवितांना तो केसांच्या कलानें फिरला तर मांजर डोळे मिटतें, उलटा फिरला तर केस उभे राहतात. लांकडाचे तंतु असेच आहेत. गिटारीची कड वळत वळत जाते, आणि तंतु मात्र सरळ उभे असतात. त्यामुळें वळणावळणाला तंतूंचा कल बदलतो. ह्यावर अनुभवानें ठरलेला नियम असा आहे कीं, अंगाच्या सर्वांत रुंद जागेपासून निघावें आणि अरुंद जागेकडे जावें : खालच्या फुगाऱ्यापासून कमरेकडे, पुन्हा तेथूनच बुडाकडे, तसेंच वरच्या फुगाऱ्यापासून कमरेकडे, आणि तेथून मानेकडे. असें केलें म्हणजे पातें तंतूंच्या उतरणीनें चालतें आणि त्याच्या पुढील तंतूंस मागच्या तंतूंचा आधार राहतो. मात्र ह्यांत एक अडचण उद्भवते. पातें एकाच दिशेनें फिरतें, आणि कारागीर निम्म्या भागांत एका दिशेनें व निम्म्या भागांत उलट दिशेनें जातो. त्यामुळें निम्म्या मार्गावर पातें स्वतःच पुढें पळूं पाहतें. उतारावर सुटलेल्या हातगाडीला मागें खेंचून धरावें, तसें त्या वेळीं यंत्राला धरावें लागतें. म्हणून शहाणा कारागीर तेथें एका वेळीं कागदाच्या जाडीइतकेंच लांकूड घेतो आणि तोच मार्ग चार-पांच वेळां फिरतो.

दुसरी एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि तिच्यांत थोडेंसें गणित आहे. गिटारीची पाठ सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला मुद्दाम फुगीर करतात. सर्वसाधारण रीति अशी कीं, १५ फूट त्रिज्येच्या एका प्रचंड गोलाचा तो जणूं लहानसा तुकडा असावा. मोठ्या गिटारीची रुंदी सुमारें ४० सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कड २० सेंटिमीटरांवर. १५ फूट म्हणजे सुमारें ४५७ सेंटिमीटर. २० ला ४५७ नें भागिलें असतां कडेजवळचा उतार सुमारें २.५ अंश येतो. यंत्राची बैठक ह्या उतरत्या पृष्ठभागावर टेकविली, तर पातेंही २.५ अंश कलतें. आणि ६ मिलिमीटर उंचीच्या खांचेंत वर आणि तळाशीं मिळून पाव मिलिमीटराची तफावत पडते. पाव मिलिमीटर म्हणजे काय मोठें, असें वाटेल; परंतु पट्टीची सारी जाडीच २ मिलिमीटर आहे. खांच कललेली राहिली तर पट्टीच्या मागें फट उरते, ती भुशानें भरावी लागते, आणि शेवटीं बाजू घांसून सारखी करतांना पट्टी एका ठिकाणीं जाड व एका ठिकाणीं पातळ दिसूं लागते. ह्यावर उपाय म्हणून यंत्र पाठीवर न ठेवतां एका उभ्या खांबावर, वरखालीं सरकेल असें, टांगतात. पेटी खालीं पाटावर फिरवितात. आणि यंत्राचा पाठीला स्पर्श होतो तो पात्याजवळच्या एका अरुंद कडीपुरताच. मग पाठ कितीही चढो वा उतरो, पातें सदैव ओळंब्यांतच राहतें.

आणि एवढें सर्व साधलें तरी यंत्राची कडी टेकलेली असते ती बाजूला. बाजूवर वांकवितांना राहिलेला उंचवटा किंवा सरसाचा वाळलेला थेंब असला, तर कडी त्यावरून चढते आणि पातें तेवढेंच बाहेर सरतें. खळगा असला तर पातें तेवढेंच आंत शिरतें. बाजूचा प्रत्येक दोष खांचेंत जसाच्या तसा उतरतो. म्हणून खांच पाडण्याच्या आधीं कारागीर गुण्या लावून बाजू तपासतो, घांसतो, पुन्हा तपासतो. प्रत्यक्ष खांच पाडण्यास घटकाभर लागतो. ह्या तयारीला कधीं कधीं अख्खा दिवस जातो, आणि पाहणाराला वाटतें कीं हा मनुष्य नुसता वेळ घालवीत बसला आहे.

खांच साधली म्हणजे पट्टी बसवितात. लांकडी पट्टी असेल तर ती बाजूंप्रमाणेंच तापवून वांकवावी लागते. सरस लावून पट्टी बसविली, कीं तिच्यावरून चिकट पट्ट्या किंवा लांबच लांब कापडी फीत ताणून गुंडाळतात. त्या स्थितींत गिटार दवाखान्यांतील पट्ट्या बांधलेल्या रोग्यासारखी दिसते. सरस वाळल्यावर पट्टी पोलादी पत्र्यानें खरवडून अंगाशीं एकसारखी करतात.

पूर्वीं उंची गिटारींना हस्तिदंताच्या पट्ट्या लावीत. पुढें सेल्युलॉइड आलें, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंतील गिटारींवर त्यानें हस्तिदंताची जागा घेतली. हत्तींच्या दृष्टीनें हें बरेंच झालें; हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील बंदी मात्र त्यानंतर कितीतरी वर्षांनीं, १९८९ सालीं ठरली. परंतु सेल्युलॉइडचाही एक गुण ध्यानांत घेण्यासारखा आहे. त्यांत कापूर असतो. तो वर्षांनुवर्षें हळूहळू उडून जातो आणि पट्टी आंखूड होते. अंगाच्या फुगीर भागावर आंखूड होणारी पट्टी अधिकच घट्ट आवळली जाते. परंतु कमरेशीं अंग आंत वळलेलें असल्यामुळें तेथें ती धनुष्याच्या दोरीसारखी सरळ होऊं पाहते आणि अंगापासून सुटते. जुन्या गिटारींची पट्टी सुटलेली आढळते ती बहुधा कमरेशींच, ह्याचें कारण हें आहे.

आतां आरंभीं निघालेल्या प्रश्नाकडे, म्हणजे हें काम सुताराचें कीं कलावंताचें, ह्याकडे वळूं. हा वाद आपल्याच घरांत निघतो असें नव्हे. जर्मनींतील सॅक्सनी प्रांतांत मार्कनॉयकिर्खेन ह्या गांवीं १८२६ पासून १८३२ पर्यंत तो कारागिरांच्या संघांत सरकारदरबारीं लढला गेला. तेथील व्हायोलिन बनविणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, आम्ही कलावंत, आणि हे कपाटें-टेबलें करणारे सुतार केवळ यांत्रिक कामाचे धनी. तेव्हां गिटार बनविण्याचा हक्क त्यांना असूं नये. सुतारांनीं आपली बाजू मांडली आणि निकाल त्यांच्या बाजूनें लागला. ह्याच सुतारांच्या घराण्यांतील ख्रिस्तियन फ्रेडरिक मार्टिन हा व्हिएन्ना येथें योहान गेऑर्ग श्टाउफर ह्या नामांकित कारागिराजवळ शिकून आला होता. निकाल अनुकूल लागूनही तो गांवीं राहिला नाहीं. १८३३ सालीं अमेरिकेस गेला, आणि त्यानें सुरू केलेला कारखाना पेनसिल्व्हेनियांतील नाझरेथ येथें आजही चालू आहे. ह्या कारखान्याच्या कांहीं गिटारींच्या कडेला माशाच्या कांट्यासारखी नक्षी असलेली बारीक पट्टी असे. ती जर्मनीहून येई. दुसऱ्या महायुद्धानंतर सांठा संपला आणि १९४७ च्या सुमारास ती बंद पडली. गिऱ्हाइकें तिला इतकीं चुकलीं कीं १९७६ सालीं ती पुन्हा सुरू करावी लागली. पताम पाडणें, पातळ पट्ट्या बसविणें, सांधा अदृश्य करणें, ही सारी विद्या मुळांत कपाटें करणाऱ्या सुतारांचीच. ज्या सफाईवर वाद्याचें देखणेपण ठरतें, ती त्यांच्याच हातची होती.

आपल्याकडे मिरजेच्या इतिहासांतही हेंच दिसतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें सतारी व तंबोरे बनविण्याचा व्यवसाय रुजविला तो फरीदसाहेब सतारमेकर ह्यांनीं, आणि हें घराणें मूळचें हत्यारें बनविणाऱ्या व त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांचें. तरवारी गेल्या, पण धार ओळखणारे हात राहिले, आणि ते भोपळ्यावर तबली जुळवूं लागले. मिरजेच्या तंबोऱ्यावर भोपळा आणि तबली जेथें मिळतात तेथें जी पट्ट्यांची किनार दिसते, ती गिटारीच्या मगजीची बहीणच होय. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक उपदर्शनाचा मान मिळाला. गिटारीचा आणि आपला आणखी एक संबंध लांकडाचा आहे. ब्राझील देशांतून शिसवीचे ओंडके मिळेनासे झाल्यावर वर उल्लेखिलेला कारखाना १९६९ सालीं भारतीय शिसवीकडे वळला. आपल्या आजोळच्या माजघरांत ज्या लांकडाचा झोंपाळा किंवा देव्हारा होता, तेंच लांकूड आज सातासमुद्रांपलीकडे गिटारींच्या पाठी होऊन वाजत आहे.

घरांत गिटार असेल तर दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या. नवी घेतांना कडेच्या रेघेवरून डोळा सावकाश फिरवावा; रेघेची रुंदी सर्वत्र सारखी असली आणि तिच्यावरून नख अडखळत नसलें, तर बनविणारानें बाकीचेंही काम मनापासून केलें असण्याचा संभव अधिक. कमरेशीं पट्टी सुटलेली दिसल्यास ती ओढून पाहूं नये आणि बाजारांतील झटपट चिकटणारा गोंद तीवर ओतूं नये. तो झिरपून चकाकीवर कायमचे डाग पाडतो, आणि जाणत्यानें सहज केली असती ती दुरुस्ती अवघड करून ठेवतो. गिटार उन्हाच्या भिंतीवर टांगूं नये, आणि पावसाळ्यांत वाजवून झाल्यावर पेटींत ठेवावी.

राहिला तो मुलाचा प्रश्न. त्यास पाठवावें कीं न पाठवावें, हें प्रत्येक घरानें आपल्या परिस्थितीप्रमाणें ठरवावें. ह्या व्यवसायांत पैसा उशिरा येतो आणि पुष्कळांस तो पुरेसा येतही नाहीं, हें त्याच्यापासून लपवूं नये. परंतु हें काम कमी प्रतीचें म्हणून अडवावयाचें असेल, तर वरील अडीच अंशांचा हिशेब आधीं त्याच्याकडून समजावून घ्यावा. आणि त्याची हौस किती टिकेल ह्याची शंका असेल, तर त्याला मऊ लांकडाची एक वांकडी कड आणि एक पटाशी देऊन वीतभर खांच पाडावयास सांगावें. पहिली खांच बिघडेल. दुसरी, तिसरीही बिघडेल. दहावी बिघडल्यावर तो जर कोणी न सांगतां अकरावी कड हुडकीत बसलेला दिसला, तर वडिलांनीं त्याच्याशेजारीं बसून पुढच्या व्यवस्थेचें बोलावयास हरकत नाहीं.